कूलंटच्या डब्यात साय!

गाडी मीच चालवते, पण बॉनेट उघडायचं काम कायम ‘ह्यांचं’. गेल्या उन्हाळ्यात हे बाहेरगावी होते, म्हणून सकाळी गाडी थंड असताना मीच कूलंट बघायला गेले. डब्यात चहाच्या रंगाची जाड, तेलकट साय!

गॅरेजवाला म्हणाला, ‘‘ताई, हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागेल.’’ खर्च ऐकून पोटात गोळाच आला. ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी डिपस्टिक ओढली, ऑईल स्वच्छ. पांढरा धूर नाही, गाडी तापत नाही. ‘‘गॅस्केटही असेल, पण आधी ऑईल कूलर बघू. ते काम स्वस्तातलं,’’ ते म्हणाले.

या कूलरमध्ये ऑईल आणि कूलंट शेजारी-शेजारी वाहतात. चालू इंजिनात ऑईलचा दाब जास्त, त्यामुळे कूलर आतून फुटला की ऑईल कूलंटमध्ये शिरतं. मिस्त्रींनी कूलर काढून पाण्यात बुडवला, हवा भरली. बुडबुडे आलेच!

नवा कूलर बसला. मग पाणी नितळ येईपर्यंत गरम पाणी नि डिटर्जंटने पाच वेळा धुणं. तेलाने फुगलेले रबरी पाईप, इंजिन ऑईल, कूलंट सगळं बदललं.

मैत्रिणींनो, गरम गाडीचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. अशी साय दिसली तर गाडी चालवू नका. आणि इंजिन खोलू देण्याआधी एवढं जरूर विचारा, ‘‘दादा, ऑईल कूलर तपासला का?’’

आमच्याकडे बॉनेट आता मीच उघडते!