सिकलसेल, डीएनए आणि आपली सोयरीक

वधू-वर परिचय मेळाव्यात आपण जो बायोडाटा भरतो, त्यात उंची असते, शिक्षण असते, नोकरी असते, रक्तगटसुद्धा असतो. सिकलसेलचा रकाना मात्र बहुतेक वेळा नसतो, आणि असला तरी कोरा राहतो. विदर्भातल्या आपल्या समाजाला हा कोरा रकाना फार महाग पडला आहे. म्हणून 'जीनोमिक्स' हा शब्द मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांपुरता न ठेवता आपल्या विहारापर्यंत आणायला हवा, असे आम्हाला वाटते.

आपल्या पेशींमध्ये डीएनए असतो. ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला हा सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. तो वाचण्याला सिक्वेन्सिंग म्हणतात आणि त्या सगळ्या मजकुराच्या अभ्यासाला जीनोमिक्स. माणसाचा हा मजकूर पहिल्यांदा वाचण्याचा प्रकल्प १९९० ते २००३ असा तेरा वर्षे चालला. आता हेच काम काही दिवसांत आणि त्या मानाने अगदी कमी खर्चात होते. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाच्या संशयिताचा बेडका सीबीनॅट मशीनमध्ये तपासतात, तेव्हा ते मशीन जंतूचा डीएनएच ओळखते आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, हेही सुमारे दोन तासांत सांगते. म्हणजे डीएनए तपासणी आपल्या दारात आलेली आहे, आपण तिला त्या नावाने ओळखत नाही एवढेच.

सिकलसेल म्हणजे या मजकुरातला एका अक्षराचा फरक. ११व्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिन बनवण्याची जी सूचना आहे, तिथे ए च्या जागी टी येतो. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे ठणकतात, रक्त कमी होते, जंतुसंसर्ग पटकन होतो.

हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला तर मूल 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शिकतो, काम करतो, सर्वसामान्य आयुष्य जगतो. प्रश्न येतो तो दोन वाहकांचे लग्न झाल्यावर. त्यांच्या प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका टळत नाही.

घरात असे मूल जन्मले की बोल सुनेला लावला जातो. एसएस मुलाला एक दोष आईकडून आणि एक वडिलांकडूनच आलेला असतो, हे आपण घराघरात सांगितले पाहिजे.

'हा अमुक जातीचा आजार' असेही सर्रास बोलले जाते. तेही खोटे आहे. हा बदल आदिवासींमध्ये आहे, आपल्यात आहे, काही ओबीसी जातींत आहे. आफ्रिकेत, अरबस्तानात आणि ग्रीसमध्येही आहे. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता, तिथे हा बदल टिकून राहिला. डास जात विचारून चावत नाही.

जातीचा संबंध येतो तो वेगळ्या वाटेने. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहात दाखवून दिले. त्यांची मांडणी सामाजिक होती. पण एकाच वर्तुळात पिढ्यान्पिढ्या सोयरीक झाली, की तोच दोष दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता वाढते, हे आज आनुवंशशास्त्रही सांगते. पोटजात पाहून सोयरीक जुळवणाऱ्या आपल्यातल्या मंडळींनी याचाही विचार करावा. मात्र आंतरजातीय विवाह केला म्हणून तपासणी टळत नाही. वाहक दुसऱ्या जातीतही असू शकतो.

तपासणी अवघड नाही. आधी थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी टेस्ट होते. द्रावण गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत ठरते. पहिल्या रिपोर्टवर घाबरून सोयरीक मोडू नये. सहा महिन्यांखालच्या बाळाला सोल्युबिलिटी टेस्ट भरवशाची नसते. रिपोर्ट संदिग्ध असेल, किंवा दोघेही वाहक असून गर्भाची तपासणी करायची असेल, तर डीएनए तपासणी कामी येते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, विशेषतः त्या स्त्रीचा.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपयोगी ठरते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल आहे. २०२३ मध्येच ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकांत बदल करणाऱ्या कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली; अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. असे उपचार आपल्या रुग्णांना परवडतील, ही मागणी चळवळीनेच लावून धरायला हवी.

आणखी एका गोष्टीत सावध राहू. नमुना कोण घेतो, माहिती कुठे ठेवतो, ती कुणाला देतो, हे विचारणे हा आपला हक्क आहे. जनुकांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध अमेरिकेने २००८ मध्ये कायदा केला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे शिबिरात वाहकांची नावे माईकवरून वाचू नयेत, यादी भिंतीवर लावू नये, फोटो ग्रुपवर टाकू नयेत. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्यावा आणि त्याचा अर्थ नीट समजावून सांगावा.

येत्या मेळाव्यापूर्वी प्रत्येक विहाराने प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून एक तपासणी शिबिर ठेवावे, ही आमची विनंती. तरुण-तरुणींनी लग्न ठरण्याची वाट न पाहता आधीच रक्त तपासून घ्यावे. पुढाकार कार्यकर्त्यांनी घ्यावा, आणि पहिली तपासणी स्वतःची करावी.