टर्बो ट्रॅक्टर : पहिला पैसा कशावर?

धानाचे पैसे हातात आले की भंडारा जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत एक वाद हमखास सुरू होतो. पूर्वी तो बैलजोडीवरून व्हायचा. शंकरपटात धावेल अशी जोडी दारात असावी असे पोराला वाटायचे, आणि ती जोडी वर्षभर खाईल काय हे बापाला दिसायचे. आता दारात ट्रॅक्टर आहे, त्याला टर्बो आहे, आणि मुलगा म्हणतो, "बाबा, पंप वाढवून घेऊ. मिस्त्री दोन तासांत करून देतो. रोवणीच्या हंगामात भाड्याच्या चिखलणीला आपलाच ट्रॅक्टर बोलावतील."

मुलाचे म्हणणे अगदीच चूक नाही. पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत सगळ्यांनाच बांध्या तयार करून हव्या असतात. ज्याचे यंत्र लवकर काम उरकते, त्याला चार पैसे जास्त मिळतात. म्हणून "काही करू नको" एवढे सांगून भागणार नाही. आधी काय करायचे आणि शेवटी काय, हे ठरवायला हवे.

टर्बो काय करतो ते प्रथम पाहा. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असते. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. जे फुकट जात होते त्याच्याकडून काम करून घ्यायचे, एवढीच ती युक्ती. धानाच्या तुसावर बॉयलर पेटवणाऱ्या राइस मिलवाल्यांना ती नवी वाटायची नाही.

आता एक हिशेब करा. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. जोराच्या कामाला ट्रॅक्टरने तासाला सहा लिटर डिझेल घेतले, तर निदान साठ हजार लिटर हवा एअर फिल्टरमधून गेली. डिझेल आपण गाळून भरतो, त्याचा भाव तोंडपाठ असतो. हवा फुकटची, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण टर्बोची सारी करामत हवेवर आहे. तेव्हा पहिला पैसा एअर फिल्टरवर खर्च करा.

आपल्याकडे धान चुरताना उडणारी धूळ बारीक आणि धारदार असते. फिल्टर तुंबला तर इंजिन गुदमरते आणि काळा धूर टाकते. फाटला तर त्याहून वाईट, कारण ती धूळ टर्बोच्या पात्यांना आणि पुढे लायनरला घासत राहते. कोरड्या फिल्टरचे बाहेरचे काडतूस कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंकावे. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची पूर्ण हवा त्यावर सोडू नये, कागद फाटतो. आतले लहान काडतूस साफ करायचे नसतेच, मुदत झाली की बदलायचे. फिल्टरपासून टर्बोपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाइप आणि त्यांच्या पट्ट्याही पाहा. एक पट्टी सैल झाली तरी दाबलेली हवा सूं आवाज करत बाहेर जाते, आणि आपण म्हणतो ट्रॅक्टर म्हातारा झाला. पंप वाढवायला निघालेल्या कित्येक ट्रॅक्टरांचे दुखणे इतकेच निघेल.

दुसरे तेल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तेव्हा इंजिन स्वतः दोन हजारांच्या आसपास असते. हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. थर तुटला की बेअरिंग गेले. म्हणून कंपनीने सांगितलेल्या जातीचेच तेल घाला आणि तासांच्या हिशेबाने तेल व फिल्टर बदला. सुरू करताच रेस देऊ नका. काम संपल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवून मगच बंद करा. याला एक पैसाही लागत नाही, पण घरी जायच्या घाईत हेच आधी विसरते. घरातल्या बाईने अंगणातून आवाज दिला तरी चालेल. ट्रॅक्टरचा हप्ता कोणत्या पैशातून जातो हे तिलाच नीट ठाऊक असते.

रेडिएटरच्या जाळीत आणि इंटरकूलर असेल तर त्याच्या फटींत तणसाचे तुकडे आणि कोंडा अडकतो. चुरणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी तो झाडावा. हवा गरम झाली की विरळ होते, आणि टर्बोने कमावलेले तिथेच हरवते. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर हे लगेच जाणवते.

एवढे झाल्यावर मग चाकांकडे या. इंजिनात जोर असून चाक जागच्या जागी फिरत असेल, तर वाढवलेला जोर फक्त टायर खाणार. कोरड्या नांगरटीत याची परीक्षा घरच्या घरी होते. मागच्या चाकावर खडूची खूण करा. नांगर वर उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते मोजा. मग नांगर लावून तेवढेच अंतर जायला किती फेरे लागतात ते पाहा. अकरा ते पावणेबारा लागले तर ठीक. त्याहून जास्त लागले, तर टायर, हवा आणि वजन यांवर खर्च करा. मात्र टायरमध्ये पाणी भरून वाढवलेले वजन चिखलणीला नको. बांधीच्या चिखलाखाली एक कडक थर असतो, तोच पाणी धरून ठेवतो. जड ट्रॅक्टर तो फोडतो आणि स्वतःही रुततो. चिखलात केजव्हीलच खरे. रोटाव्हेटरची झिजलेली पाती बदलली तरी चिखलणीचा वेग वाढतो, हेही मुलाला सांगा.

रुतलेल्या ट्रॅक्टरबद्दल इथे थांबून सांगणे भाग आहे. मागच्या चाकांना लाकूड बांधून गाडी काढण्याची खोड आपल्याकडे आहे. चाक फिरू शकले नाही तर तोच जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. पंप वाढवलेल्या ट्रॅक्टरात हे अधिक लवकर होते. अशा वेळी मागचे अवजार सोडा, चाकापुढची माती काढा आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्या. तासभर वाया जाईल, तो जाऊ द्या.

ब्रेक मी चाकांनंतर लिहिले, पण रस्त्यावर धान वाहणाऱ्याने ते आधी वाचावे. भंडारा, लाखनी, साकोली या गावांवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर दिवाळीनंतर धानाच्या ट्रॉल्या चालतात. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार ट्रॅक्टरवर येतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेली असावीत, नाहीतर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर फिरतो. त्या दिवसांत अंधार लवकर पडतो, पहाटे धुके असते. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावायला किती पैसे लागतात, ते विचारून तर पाहा.

आता मुलाचा पंप. वाढवला की प्रत्येक धक्क्याला डिझेल जास्त जाते, पण हवा तितकी वाढतेच असे नाही. न जळलेले डिझेल काळा धूर होऊन निघते. बाहेर पडणारा वायू जास्त तापतो, त्याने आधी टर्बो, मग पिस्टन आणि हेड गॅस्केट धोक्यात येतात. क्लच आणि गिअरबॉक्स कंपनीने एका ठरावीक जोराला बनवलेले असतात, तेही बोलू लागतात. चिखलणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला, तर भाडे तर जातेच, घरची रोवणीही मागे पडून पऱ्हे वयस्क होतात.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. वॉरंटी जाते, अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले. त्यांतल्या संगणकी पंपाला गल्लीतल्या मिस्त्रीने हात लावणे म्हणजे आणखी मोठे खर्चाचे काम.

नागपूरहून शिकून आलेला पुतण्या घरच्या डिझेल जीपमध्ये चिप बसवू म्हणाला, तर त्यालाही हाच क्रम लावा. आधी हवा, तेल, टायर आणि ब्रेक.

आणि इतके सगळे करूनही ट्रॅक्टर कमीच पडतो असे वाटले, तर पंप आणि नोझल अधिकृत ठिकाणी तपासून कंपनीच्या मापावर आणून घ्या. जुन्या ट्रॅक्टरची हरवलेली ताकद बहुधा तिथे परत मिळते. पावती जपून ठेवा, आणि काम झाल्यावर मुलालाच ट्रॅक्टर घेऊन बांधीत पाठवा. धुराचा रंग कसा आहे ते तुम्ही धुऱ्यावर उभे राहून पाहा.