चुकीचा सूर चालेल, चुकीची वेळ नाही

तुम्ही नुकताच बेस हातात घेतलाय आणि तुम्हाला जॅझ शिकायचंय, असं धरून चालू. पहिली भीती सुरांची असते. किती कॉर्ड्स, किती स्केल्स, पाठ कधी होणार! माझंही तेच झालं. कित्येक महिने मी स्केल्स घोकल्या. मग पहिल्यांदा ड्रम्सबरोबर वाजवलं, आणि तिसऱ्या आवर्तनापर्यंत गाणं पळायला लागलं. रेकॉर्डिंग ऐकलं तर सूर सगळे बरोबर होते. मग बिघडलं काय?

आधी बेसचं काम बघू. जॅझमध्ये बेस बहुतेक वेळा 'वॉकिंग' करतो, म्हणजे दर मात्रेला एक सूर, पावलं टाकल्यासारखा. 12 बारच्या ब्लूजमध्ये प्रत्येक बारात 4 मात्रा, म्हणजे एका आवर्तनात 48 सूर. तबल्याच्या सोलोत लेहरा जे करतो, साधारण तेच काम इथे बेस करतो. सोलो वाजवणारा कुठेही भटकला तरी आपण आवर्तनात नेमके कुठे आहोत, ते बेसवरून कळतं.

आता एक गंमत. समजा, एफ कॉर्डवरून पुढच्या बारात बी-फ्लॅटवर जायचंय. चार मात्रांवर वाजवा: एफ, ए, सी, बी. आणि पुढच्या बारात पहिल्याच मात्रेला बी-फ्लॅट. एफला सा मानलं तर हे झालं सा, ग, प, तीव्र म, आणि मग शुद्ध म. यातला तीव्र म त्या कॉर्डमध्ये नाहीच! तरी तो खटकत नाही, कारण तो चौथ्या मात्रेवर येतो आणि लगेच पुढच्या घरात उतरतो. म्हणजे 'चुकीचा' सूर योग्य वेळी आला तर चालतो.

उलट केलं तर? 2014 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना दर अर्ध्या सेकंदाला पियानोचे दोन सूर एकदम ऐकवले, एक खालचा आणि एक वरचा. मधूनच त्यातला एक सूर 50 मिलिसेकंद लवकर यायचा. डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोड्सनी मेंदूची प्रतिक्रिया मोजली. खालचा सूर लवकर आला की ती जास्त तीव्र असायची. तालावर बोट आपटायला सांगितलं, तेव्हाही लोकांचं बोट खालच्या सुराच्या चुकीमागे जास्त सरकलं. श्रवणाच्या संगणकीय मॉडेलवरून असं दिसलं, की या फरकाची सुरुवात अंतर्कर्णातच होत असावी.

एक मर्यादा सांगायला हवी. प्रयोगातला खालचा सूर 196 हर्ट्झचा होता. बेसच्या चार तारा साधारण 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झच्या, म्हणजे त्याहूनही खाली. शिवाय प्रयोगशाळेतले दोन सूर म्हणजे काही बँड नव्हे. पण दिशा स्पष्ट आहे: वेळेसाठी कान खालच्या सुराकडे बघतो.

अर्धा सेकंद म्हणजे मिनिटाला 120 मात्रा, जॅझमधली मध्यम लय. त्यात 50 मिलिसेकंद म्हणजे मात्रेचा दहावा भाग. मी अवघड उडी आली की घाईने तेवढीच पुढे सरकत असणार, आणि ड्रमर बिचारा मला सांभाळायला माझ्यामागे येत होता. तो माझ्यामागे, मी त्याच्यामागे. गाणं पळणारच!

मग सराव कसा करायचा? मेट्रोनोम 60 वर लावा, आणि त्याचा ठोका पहिल्या नाही, तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय असं समजा. लय आपोआप 120 होते, आणि पहिली मात्रा तुम्हालाच धरावी लागते. सुरुवातीला प्रत्येक मात्रेला कॉर्डचा मूळ सूरच वाजवा. पुढचा सूर येईपर्यंत आधीचा सोडू नका, मध्ये फट पडली की चाल लंगडते. हे जमलं की मग चौथ्या मात्रेवर तो शेजारचा सूर आणा.

रोज एक आवर्तन रेकॉर्ड करा, आणि ते हेडफोनवर ऐका. फोनच्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ जवळजवळ येतच नाही. वरच्या कंपनांवरून मेंदू तो सूर ओळखतो खरा, पण ठोका नेमका कुठे पडला ते नीट कळत नाही.

मी अजून त्याच ब्लूजवर आहे. परवा पाच आवर्तनं झाली, आणि ड्रमर एकदाही माझ्याकडे वळून बघत नव्हता.