उतारावरची शर्यत आणि सायकल मिस्त्रीचे दुकान

सायकलच्या धंद्यात आता राम उरला नाही, असे नगरच्या कोणत्याही जुन्या सायकल दुकानात ऐकायला मिळते. आजचे अहिल्यानगर म्हणजेच आपले अहमदनगर. याच शहरातील कारखान्यातून लुना बाहेर पडली. १९७२ नंतर ती घरोघरी पोहोचली आणि सायकलवरून कामाला जाणारा माणूस हळूहळू इंजिनवर बसला. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने बंद झाली. उरली ती पंक्चर काढण्याची टपरी. उस्तादाच्या हातात हुन्नर आहे, पण त्या हुन्नरला गिऱ्हाईक नाही आणि मुलगा दुकानात बसायला तयार नाही.

दुसरीकडे याच शहरात तीस-चाळीस हजारांच्या आणि त्याहूनही महाग सायकली फिरताना दिसतात. त्या सायकलींना डिस्क ब्रेक असतात, पुढच्या चिमट्यात स्प्रिंग किंवा हवा असते. त्या बिघडल्या की मालक पुण्याचा रस्ता धरतो. म्हणजे धंदा संपलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. हे समजण्यासाठी आपण या लेखात एका अनोख्या खेळाची ओळख करून घेऊ. हा खेळ म्हणजे डोंगरावरून खाली येण्याची सायकल शर्यत. तिला 'डाउनहिल' म्हणतात. ती बहुधा शनिवार-रविवारी भरते आणि तिच्यात भाग घेणारेच पुष्कळदा ती भरवायलाही हात लावतात.

ग्रीसवरून पडलेले नाव

या खेळाचा उगम मोठ्या कंपनीत किंवा क्रीडा खात्यात झालेला नाही. तो दुरुस्ती करणाऱ्या हातांतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मरीन परगण्यात काही तरुण भंगारातून जुन्या, जाड टायरच्या सायकली घेत आणि डोंगराच्या कच्च्या रस्त्यावरून खाली सोडत. त्यांच्यात सर्वांत वेगवान कोण, यावर वाद होई. तो मिटवण्यासाठी २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी शर्यत लावली. रस्ता सुमारे तीन किलोमीटरचा आणि उतार सुमारे १३०० फुटांचा होता. पहिल्या दिवशी ॲलन बाँड्स जिंकला.

त्या सायकलींना मागच्या हबमधला ब्रेक होता. पॅडल उलटे दाबले की तो लागे. एवढ्या उतारावर तो सतत दाबावा लागल्याने हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. खाली आल्यावर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. ग्रीस पुन्हा भरणे याला इंग्रजीत 'रिपॅक' म्हणतात. त्या रस्त्याला आणि शर्यतीला तेच नाव पडले. कोन-वाटी काढून, छर्रे पुसून ग्रीस भरणे हे काम आपल्या प्रत्येक मिस्त्रीने हजारदा केले आहे. ज्या शर्यतीतून पुढे जगातील एक मोठा खेळ आणि उद्योग उभा राहिला, तिला या साध्या कामावरून नाव मिळाले, ही गोष्ट आपल्या कारागिरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ही शर्यत भरवणारा चार्ली केली एका वाद्यवृंदाचे सामान वाहण्याचे काम करी. एक घड्याळ वर, एक खाली, दोन्ही एकाच क्षणी जुळवलेली. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक जण सोडायचा आणि वहीत नोंद करायची. एवढीच त्याची व्यवस्था होती. तो स्वतःही सायकल चालवी. गॅरी फिशरने ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम केला, तो कोणालाही मोडता आला नाही. जो ब्रीझ दोनच सेकंद मागे राहिला, पण सर्वांत जास्त शर्यती त्यानेच जिंकल्या.

शर्यतीतून उद्योग कसा उभा राहिला

जुन्या फ्रेम या मारापुढे टिकत नसत. म्हणून १९७७ मध्ये जो ब्रीझने खास डोंगरासाठी नवी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये केली आणि फिशर यांनी टॉम रिची या कारागिराच्या फ्रेम घेऊन 'माउंटनबाईक्स' नावाची छोटी कंपनी काढली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीने तशीच सायकल जपानमध्ये मोठ्या संख्येने बनवून घेतली आणि ती जगभर विकली. 'माउंटन बाईक' हे नाव सर्वांचे झाले. केली-फिशरना ते आपल्यापुरते राखता आले नाही.

व्यापाऱ्याने यातून दोन धडे घ्यावेत. पहिला असा, की उतारावर जे मोडते ते पाहून नवा माल तयार होतो. म्हणून ज्याच्याकडे दुरुस्ती येते त्याला बाजाराची चाहूल सर्वांत आधी लागते. दुसरा असा, की कल्पना एकाची असते आणि पुष्कळदा नफा दुसऱ्याचा होतो, कारण माल वेळेवर आणि पुरेसा देण्याची ताकद दुसऱ्याकडे असते.

१९७९ नंतर रिपॅक थांबली. १९८३ आणि १९८४ मध्ये ती पुन्हा झाली, तोवर नियम आणि विमा यांची सोय पाहणारी संघटना उभी राहिली होती. १९९० मध्ये कोलोराडोतील डुरँगो येथे या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. उताराच्या शर्यतीत पुरुषांत अमेरिकेचा ग्रेग हर्बोल्ड आणि स्त्रियांत कॅनडाची सिंडी डिव्हाइन पहिले आले. १९९६ मध्ये डोंगरी सायकलिंग ऑलिंपिकमध्ये आले, पण ते चढ-उताराचे. निव्वळ उताराची शर्यत ऑलिंपिकमध्ये नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमजवळ पोनमुडी येथे आशियाई माउंटन बाईक स्पर्धा भरली. भारतात ती प्रथमच होत होती.

आपल्या जिल्ह्यात जागा कोणती?

डोंगर तर आपल्याकडे भरपूर आहेत. अकोले तालुक्यात राज्यातील सर्वांत उंच कळसूबाई (१६४६ मीटर) आहे, हरिश्चंद्रगड आहे. पण हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेथे शर्यतीचा विचार वनखात्याला वगळून करताच येणार नाही. कर्जतकडे रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य आहे, माळढोकसाठी राखलेली क्षेत्रे आहेत. पाथर्डी रस्त्यावरील चांदबीबी महाल, म्हणजेच सलाबतखानाची कबर, ही संरक्षित वास्तू आहे. त्या डोंगरावर सायकलने सहल करावी, शर्यत नव्हे.

नगरच्या पूर्वेची गर्भगिरीची रांग, करंजी घाटाचा परिसर, गावोगावची मुरमाड माळराने येथे खाजगी किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर लेखी संमतीने दोन किलोमीटरची वाट निघू शकते. आपला मुरूम कोरडा झाला की गोट्यांसारखा घसरतो आणि काळा कातळ ओला झाला की साबणासारखा होतो. म्हणून पावसाळा संपल्यानंतर, जमीन जरा दबलेली असताना, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. गुरांच्या वाटा आणि पाणवठ्याच्या वाटा यांना धक्का लागता कामा नये. ज्या गावाची गुरे आपण अडवू, ते गाव पुढच्या वर्षी आपल्याला अडवील.

दोन दिवसांचे काम

समजा ६० स्पर्धक आले. एका मिनिटाला एक सोडला तर एक फेरी सुटायला एक तास लागतो. सरावाच्या दोन आणि शर्यतीची एक अशा तीन फेऱ्या धरल्या तर १८० वेळा सायकल आणि माणूस वर न्यावा लागेल. एका टेम्पोत दहा सायकली बसल्या तर १८ खेपा. चढवणे, नेणे, उतरवणे, परत येणे याला अर्धा तास धरला तर एका टेम्पोला नऊ तास आणि दोन टेम्पोंना साडेचार तास लागतील. म्हणजे दोन टेम्पोंशिवाय दिवस पुरणार नाही. सायकलीवर सायकल घासू नये म्हणून मध्ये घोंगडी किंवा जुने टायर घालावे लागतात. ज्याने फर्निचर वाहिले आहे त्या टेम्पोवाल्याला हे शिकवावे लागणार नाही.

वाटेवर उभे राहणारे स्वयंसेवक ही दुसरी मोठी गरज. नियम असा, की प्रत्येकाला पुढचा आणि मागचा स्वयंसेवक दिसला पाहिजे. दर शंभर मीटरला एक धरला तरी दोन किलोमीटरला २१ माणसे लागतात, वळणे जास्त असतील तर अधिक. प्रत्येकाजवळ शिट्टी आणि पिवळे निशाण असावे. पिवळे म्हणजे पुढे कोणी पडला आहे, जपून या. लाल निशाण गंभीर अपघातासाठी असते. ते दिसले की स्पर्धकाने थांबलेच पाहिजे. रुग्णवाहिका आणि डॉक्टर जागेवर नसतील तर एकही सायकल सोडू नये. रुग्णवाहिका जखमीला घेऊन गेली तर ती किंवा दुसरी येईपर्यंत शर्यत बंद. स्पर्धकाला तोंड झाकणारे पूर्ण हेल्मेट सक्तीचे असते. सर्वांनी आधी वाट पायी पाहायची आणि मगच सराव करायचा.

वेळ मोजायला आज चिप आणि प्रकाशकिरणांची यंत्रे मिळतात. पण जुळवलेली दोन घड्याळे, दोन वह्या आणि एक खात्रीचा माणूस यांवरही लहान शर्यत होते. डोंगरात मोबाईलची रेंज गृहीत धरू नये, वायरलेस संच भाड्याने घ्यावेत.

भरवणारा स्वतः शर्यतीत उतरू शकतो का? केली उतरत असे. लहान गावात माणसे थोडी असतात, त्यामुळे हे होणारच. मात्र पथ्य पाळावे. जो उतरणार आहे त्याने घड्याळाला आणि निकालाच्या वहीला हात लावू नये, आणि इतरांना बंद असलेल्या वाटेवर आधी जाऊन सराव करू नये. त्याने खड्डे बुजवावेत, दोऱ्या बांधाव्यात, टेम्पो भरावा. एकदा निकालावर संशय आला की दुसऱ्या वर्षी साठाचे वीस होतात.

हिशेबाची बाजू

आता पैशाकडे वळू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावच्या दराने ते पुन्हा मांडावेत. प्रवेश शुल्क ८०० रुपये धरले तर ६० जणांचे ४८,००० होतात. खर्चात रुग्णवाहिका व डॉक्टर १२,०००, दोन टेम्पो दोन दिवस १४,०००, २२ स्वयंसेवकांना रोज ५०० प्रमाणे दोन दिवसांचे २२,०००, जेवण-पाणी १५,०००, निशाणे, दोऱ्या, क्रमांक वगैरे ८,०००. एकूण ७१,०००. म्हणजे २३,००० ची तूट, आणि त्यात विमा व बक्षिसे अजून आलेलीच नाहीत.

ही तूट पाहून घाबरू नये आणि ती लपवूही नये. ती जाहिरातदारांकडून किंवा स्थानिक दुकानदारांच्या सहभागातून भरावी लागते. पण याच ७१,००० मधील बराच भाग गावातच राहतो, हेही पाहावे. टेम्पोवाला, जेवण करणाऱ्या बाया, गावातील तरुण यांच्या हातात तो पडतो.

मिस्त्रीचे उत्पन्न मात्र शर्यतीच्या दोन दिवसांत मोजू नये. त्या दिवशी त्याने टेबल मांडून बसावे, किरकोळ काम करावे आणि ओळख वाढवावी. खरा धंदा वर्षभराच्या सरावातून येतो. त्यासाठी जुन्या हुन्नरला थोडी नवी जोड द्यावी लागेल. चाकाचा आउट काढणे, आरे बसवणे, बेअरिंग साफ करणे हे येतेच. शिकायचे ते हायड्रॉलिक ब्रेकमधील हवा काढणे, चिमट्याचे सील बदलणे, ट्यूबलेस टायर बसवणे. येथे एक चूक महागात पडते. काही ब्रेक खनिज तेलावर चालतात, काही मोटारीसारख्या ब्रेक ऑइलवर. एकाच्या जागी दुसरे भरले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो. तसेच डिस्कला किंवा पॅडला तेलाचा हात लागला की ब्रेक धरत नाही. साखळीला तेल देणाऱ्या जुन्या सवयीच्या हाताने हे लक्षात ठेवावे. नट-बोल्ट अंदाजाने न आवळता मोजून आवळणारा पाना घ्यावा.

जबाबदारी कोणाची?

लहानपणी सुटीच्या दिवशी मी एका दुकानातून भाड्याची सायकल घेऊन चांदबीबी महालाला गेलो होतो. उतरताना अर्ध्या वाटेवर पुढच्या ब्रेकचे रबर निसटून उडाले. मी मुरमात घसरलो. कोपर सोलून निघाले आणि हँडल वाकले. भरपाई मागतील या भीतीने दुकानात गेलो. म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी हँडलकडे पाहिलेही नाही. त्यांनी आधी माझे कोपर धुतले, मग ब्रेकच्या रिकाम्या कप्प्यात बोट घालून बराच वेळ गप्प उभे राहिले. भाडे त्यांनी घेतले नाही. त्यानंतर त्या दुकानातून एकही सायकल ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय बाहेर पडताना मी पाहिली नाही.

त्या वेळी माझा वेग फार नव्हता. उताराच्या शर्यतीत मुलगा त्याहून कितीतरी वेगाने दगडांवरून खाली येतो, आणि त्याचा जीव मिस्त्रीने आवळलेल्या एका बोल्टवर असतो. सायकल ही मिस्त्रीकडे दिलेली अमानत आहे. नवी हत्यारे विकत मिळतात, कामही शिकता येते. पण तपासल्याशिवाय सायकल न देण्याची सवय दुकानाला स्वतःच लावून घ्यावी लागते. ज्यांची मुले दुकानात बसायला तयार नाहीत, त्यांनी एकदा मुलाला घेऊन एखादी शर्यत पाहायला जावे. वर सायकली कशा येतात ते बघू नका, खाली आल्यावर त्या कोणाच्या हातात जातात ते बघा. तो हात आपल्या मुलाचा असू शकतो.