सर्व्हरच्या नोंदवहीतील हार्डवेअर त्रुटी आणि त्यांचे निदान : नांदेड–लातूर परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात

सारांश :
प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय व लेखा या महाविद्यालयाच्या चारही विभागांच्या नोंदी आज सर्व्हरवर साठविल्या जातात. सर्व्हरच्या यंत्रसामग्रीत बिघाड निर्माण होऊ लागला, की त्याची सूचना बहुधा प्रणालीच्या नोंदवहीत, म्हणजे सिस्टिम लॉगमध्ये, उमटते. मात्र ही नोंदवही वाचण्याची पद्धत बहुतांश संस्थांत रूढ नाही. प्रस्तुत लेखात या नोंदी कशा तयार होतात, स्मृती, हार्ड डिस्क, वीज व तापमान यांच्याशी संबंधित त्रुटी कशा ओळखाव्यात आणि नोंदीवरून निदानापर्यंत कोणत्या क्रमाने जावे, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सर्व्हर, सिस्टिम लॉग, हार्डवेअर त्रुटी, ईसीसी स्मृती, स्मार्ट निर्देशांक, निदान.

प्रस्तावना :
१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. गेल्या तीन दशकांत येथील महाविद्यालयांचे कामकाज कागदी नोंदवह्यांकडून संगणकाकडे आले. ग्रंथालयात इन्फ्लिबनेटच्या ‘सोल’सारख्या प्रणाली आल्या, गुणपत्रके व शुल्काच्या पावत्या संगणकातून निघू लागल्या. कागदी नोंदवहीला वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसते. सर्व्हरला लागलेली वाळवी मात्र नोंदवही उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

या विषयाचे गांभीर्य लक्षात येण्यासाठी एक प्रसिद्ध घटना पाहता येईल. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील संसदीय निवडणुकीत ब्रुसेल्सजवळील स्कारबेक येथे एका उमेदवाराच्या नावावर प्रत्यक्षापेक्षा ४,०९६ मते अधिक नोंदली गेली. हा आकडा शक्यतेच्या पलीकडचा असल्यामुळे चूक लक्षात आली. ४,०९६ ही संख्या म्हणजे २ चा बारावा घात होय. संगणकाच्या स्मृतीतील तेरावा बिट शून्याचा एक झाला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. तो बिट वैश्विक किरणांमुळे बदलला असावा असे म्हटले जाते, परंतु तो तर्कच आहे.

हीच बाब गुणपत्रकाला लावून पाहावी. ७२ ही संख्या संगणकात ६४ अधिक ८ अशी साठविली जाते. त्यातील ६४ चा एकच बिट शून्य झाला तर ७२ चे ८ होतात. स्कारबेकमध्ये आकडा अशक्य होता म्हणून चूक सापडली. शंभरपैकी ८ गुण हा आकडा मात्र अशक्य नाही. तो पाहून कोणालाही शंका येणार नाही आणि विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरेल. म्हणून नोंदवहीतील हार्डवेअर त्रुटी हा केवळ तंत्रज्ञाचा प्रश्न राहत नाही.

नोंदवहीचे स्वरूप : कीर्द आणि खतावणी
सिस्टिम लॉग म्हणजे सर्व्हरची रोजकीर्द होय. जे घडेल ते घडेल त्या क्रमाने, वेळेसह, एकाखाली एक लिहिले जाते. लिनक्स प्रणालीत या नोंदी मजकुराच्या फाइलमध्ये किंवा जर्नलमध्ये असतात, तर विंडोजमध्ये त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसतात. याशिवाय चांगल्या प्रतीच्या सर्व्हरमध्ये मदरबोर्डवर एक स्वतंत्र नियंत्रक असतो. मुख्य संगणक बंद असतानाही तो चालू राहतो व पंखे, तापमान, व्होल्टेज आणि स्मृती यांच्या घटना स्वतःच्या छोट्या नोंदवहीत लिहितो. १९९८ साली जाहीर झालेल्या आयपीएमआय या मानकामुळे या व्यवस्थेला समान स्वरूप आले. ही दुसरी नोंदवही आकाराने लहान असते. अनेक यंत्रांत ती भरली की नव्या नोंदी होणे थांबते, म्हणून ती वेळोवेळी उतरवून घेऊन रिकामी करावी लागते.

लेखाशास्त्राच्या अभ्यासकास ठाऊक आहे की कीर्दीवरून कोणत्याही खात्याची स्थिती कळत नाही, त्यासाठी खतावणी करावी लागते. निदान म्हणजे अशी खतावणीच होय. लॉगमधील विखुरलेल्या ओळी उचलून स्मृतीच्या ओळी स्मृतीच्या खात्यावर, डिस्कच्या ओळी डिस्कच्या खात्यावर आणि विजेच्या ओळी विजेच्या खात्यावर मांडल्या म्हणजे बिघाडाचे चित्र स्पष्ट होऊ लागते.

खतावणीपूर्वी घड्याळ तपासणे आवश्यक असते. मदरबोर्डवरील नियंत्रकाचे घड्याळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर असते व ते भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे चालते. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी गेलेली वीज तेथे सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी गेल्याचे दिसते. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर वीज गेल्यावर तारीखच कित्येक वर्षे मागे जाते. वेळा जुळवून न घेता केलेले निदान बहुधा चुकते.

स्मृतीतील त्रुटी :
बेल लॅबोरेटरीजमधील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली त्रुटी शोधून दुरुस्त करणाऱ्या संकेतांची पद्धती मांडली. सर्व्हरमधील ईसीसी स्मृती याच विचारावर आधारलेली आहे. तिच्या रूढ रचनेत माहितीच्या प्रत्येक ६४ बिटांसोबत तपासणीचे ८ बिट ठेवले जातात. त्यामुळे एक बिट बदलल्यास तो दुरुस्त होतो, दोन बिट बदलल्यास चूक लक्षात येते परंतु दुरुस्त करता येत नाही. यावरून नोंदींचे दोन वर्ग पडतात : दुरुस्त झालेली त्रुटी आणि दुरुस्त न होणारी त्रुटी. दुसऱ्या प्रकारात सर्व्हर बहुधा थांबतो. तो थांबणे हे चुकीच्या माहितीवर काम चालू ठेवण्यापेक्षा हिताचे असते.

दुरुस्त झालेल्या त्रुटीकडे दुर्लक्ष होते, कारण काम अडत नाही. गुगलच्या सर्व्हरांवर आधारित, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि ८ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांत अशा त्रुटी आढळल्या. ज्या पट्टीत एकदा त्रुटी आली तिच्यात ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच वाढते, असेही त्यात दिसून आले. म्हणून एखादी सुटी नोंद ही चिंतेची बाब नसली, तरी त्याच पट्टीच्या त्याच पत्त्यावर पुनःपुन्हा येणारी नोंद ही पट्टी, तिची खाच किंवा प्रोसेसरमधील स्मृती-नियंत्रक यांपैकी एकात कायम दोष असल्याचे सांगते. यांतील दोषी कोण हे ठरविण्याची सोपी युक्ती म्हणजे दोन पट्ट्यांच्या जागांची अदलाबदल करणे. त्रुटी पट्टीबरोबर नव्या खाचेत गेली तर पट्टी सदोष, जुन्या खाचेतच राहिली तर दोष खाचेत किंवा नियंत्रकात आहे.

येथे एक महत्त्वाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. अनेक ठिकाणी साधा डेस्कटॉप संगणकच सर्व्हर म्हणून वापरला जातो. त्यात बहुधा ईसीसी स्मृती नसते, त्यामुळे बदललेल्या बिटाची नोंद होण्याची सोयच नसते. अशा यंत्राच्या लॉगमध्ये स्मृतीची एकही त्रुटी नसणे हे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे.

हार्ड डिस्कच्या त्रुटी :
हार्ड डिस्क स्वतःच्या स्थितीचे मोजमाप ‘स्मार्ट’ या व्यवस्थेद्वारे करते. त्यातील काही निर्देशांक निदानासाठी विशेष उपयोगी आहेत. क्रमांक ५ हा निकामी होऊन बदलण्यात आलेल्या विभागांची संख्या दाखवितो. क्रमांक १९७ हा वाचता न आलेल्या व निर्णय प्रलंबित असलेल्या विभागांची संख्या सांगतो. हे दोन वाढू लागले तर डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल शंका घ्यावी. क्रमांक १९९ हा मात्र डिस्क व संगणक यांच्यामधील वहनात झालेल्या चुका मोजतो. तो वाढत असेल तर पहिला संशय केबलवर किंवा तिच्या जोडणीवर घ्यावा.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या गुगलच्या एक लाखाहून अधिक डिस्कच्या अभ्यासानुसार पृष्ठभाग-तपासणीत पहिली त्रुटी आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, त्रुटी नसलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पट होती. त्याच वेळी निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या बाबतीत प्रमुख चार निर्देशांकांपैकी एकानेही पूर्वसूचना दिली नव्हती.

लातूरकरांना या द्विधा अवस्थेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपापूर्वी, १९९२ मध्ये त्या परिसरात लहान धक्के जाणवले होते. परंतु लहान धक्क्यांनंतर मोठा धक्का येतोच असे नाही आणि मोठा धक्का लहान धक्क्यांची वाट पाहतो असेही नाही. नोंदवही सूचना देते, हमी देत नाही. म्हणून लॉगवाचन हा बॅकअपचा पर्याय होऊ शकत नाही.

वीज व तापमान :
भारनियमनाच्या काळापासून मराठवाड्यातील संगणक कक्षाची रचना यूपीएसभोवती झाली. त्यात एक उणीव राहून जाते. वीज गेल्यावर यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो, परंतु वातानुकूलन यंत्र बंद पडते. मे महिन्यात नांदेडचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा वेळी बंद खोलीत चालू राहिलेला सर्व्हर स्वतःच्याच उष्णतेने तापू लागतो. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी ॲश्रे या संस्थेने शिफारस केलेली मर्यादा १८ ते २७ अंश सेल्सिअस आहे. ती ओलांडत गेल्यास प्रथम पंख्यांचा वेग वाढतो, पुढे प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो व तशी नोंद लॉगमध्ये येते. ‘दुपारी सर्व्हर मंद चालतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या एका ओळीत सापडते.

वीज अचानक खंडित झाल्यास शेवटच्या ओळी डिस्कवर लिहिल्याच जात नाहीत. लॉग मध्येच तुटलेला असणे व त्यानंतर थेट नव्या प्रारंभाच्या ओळी असणे, हाही एक पुरावाच असतो. विंडोजमधील कर्नल-पॉवर ४१ ही नोंद एवढेच सांगते, की मागील वेळी प्रणाली रीतसर बंद झाली नव्हती. कारण शोधण्यासाठी नियंत्रकाची व यूपीएसची नोंद पाहावी लागते.

निदानाचा क्रम : एक उदाहरण
समजा, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील सर्व्हर मे महिन्यात अधूनमधून अडकतो. लॉगमध्ये डिस्कने वेळेत उत्तर न दिल्याच्या व जोडणी पुन्हा सुरू केल्याच्या नोंदी आहेत. ‘ऊन फार आहे’ आणि ‘लाइटचा प्रॉब्लेम आहे’ ही आपल्याकडील दोन ठरलेली उत्तरे पुढे येतात. तिसरे उत्तर नवी डिस्क खरेदी करण्याचे असते.

खतावणी केल्यावर असे दिसते, की नोंदी सकाळी ९ वाजताही आहेत व सायंकाळीही आहेत. त्या वेळी तापमान मर्यादेत आहे आणि यूपीएसने वीज गेल्याचे नोंदविलेले नाही. म्हणजे पहिली दोन उत्तरे मागे पडतात. स्मार्टमधील क्रमांक ५ व १९७ शून्य आहेत, तर क्रमांक १९९ चा आकडा २१४ असून तो दररोज वाढतो आहे. म्हणजे डिस्कच्या पृष्ठभागाविरुद्ध पुरावा नाही, संशय जोडणीवर आहे. येथे सर्वात स्वस्त बदल प्रथम करावा, तो म्हणजे केबल बदलणे. हा निर्देशांक पुन्हा शून्यावर येत नसल्यामुळे २१४ हा आकडा तारखेसह लिहून ठेवावा. आठवडाभरानंतर तो २१४ वरच राहिला आणि अडकण्याच्या नोंदीही थांबल्या, तर निदानाला पुष्टी मिळते. तो वाढतच राहिला तर डिस्क मदरबोर्डवरील दुसऱ्या जोडणीवर लावून पाहावी.

एका वेळी एकच बदल हा या पद्धतीचा प्राण आहे. डिस्क बदलताना केबलही काढून पुन्हा बसविली जाते. त्यामुळे सैल जोडणी आपोआप घट्ट होते, बिघाड जातो आणि निर्दोष डिस्क दोषी ठरते. काही महिन्यांनी तोच बिघाड नव्या डिस्कसह परत येतो.

निष्कर्ष व सूचना :
१. सर्व्हरची नोंदवही वाचण्याची जबाबदारी नावानिशी एका व्यक्तीकडे सोपवावी व दरमहा खतावणीचे एक पान लेखी स्वरूपात ठेवावे.
२. सर्व यंत्रांची व नियंत्रकांची घड्याळे एका वेळेवर आणावीत.
३. लॉगची प्रत दुसऱ्या संगणकावरही साठवावी, कारण डिस्क गेली तर तिच्या बिघाडाची साक्षही तिच्याबरोबर जाते.
४. परीक्षा व लेखा विभागांसाठी ईसीसी स्मृती असलेलाच सर्व्हर घ्यावा.
५. सुटा भाग बदलताना तारीख, अनुक्रमांक व बदलापूर्वीचे आकडे नोंदवावेत. वॉरंटीच्या दाव्यासाठीही हाच पुरावा उपयोगी पडतो.
६. बॅकअप नियमित घ्यावा व तो प्रत्यक्ष उघडतो याची खात्री करावी.

समारोप :
हार्डवेअर त्रुटींचे निदान हे गूढ शास्त्र नाही. घटनांची क्रमवार नोंद, त्यांचे वर्गीकरण, पुराव्यांची तुलना व एका वेळी एका गृहीतकाची परीक्षा ही तर सर्वच ज्ञानशाखांची रीत आहे. इतिहासाचे प्राध्यापक साधनांची व वाणिज्याचे प्राध्यापक हिशेबाची जी चिकित्सा करतात, तीच येथे यंत्राच्या नोंदवहीची करावयाची आहे. ज्या नोंदींवर विद्यार्थ्याचे वर्षभराचे श्रम उभे असतात, त्या सांभाळणाऱ्या यंत्राने लिहिलेल्या चार ओळी महिन्यातून एकदा वाचणे हा महाविद्यालयीन कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे.