प्रयोगाआधीची तालीम

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द नाटकालाही चालतो आणि प्रयोगशाळेलाही. नाटकाचा प्रयोग तालमीशिवाय उभा राहत नाही, हे आपण जाणतोच. वैद्यकातल्या प्रयोगाचीही तालीम करता येते आणि ती टाळली तर नुकसान खऱ्या माणसांचे होते, ही गोष्ट मात्र आपल्यापर्यंत फारशी पोहोचलेली नाही. हाडांच्या ठिसूळपणाचे, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचे, उदाहरण घेऊन ती समजून घेऊ.

हाड जन्मभर झिजत आणि भरत असते. रजोनिवृत्तीनंतर झीज वरचढ ठरते आणि काही वर्षे हाडांची घनता दरसाल साधारण एक-दोन टक्क्यांनी उतरते. ही घनता डेक्सा नावाच्या क्ष-किरण यंत्रावर मोजतात. पण त्याच बाईला लगेच पुन्हा मोजले तरी आकडा एक-दोन टक्क्यांनी मागेपुढे होऊ शकतो. वर्षाची झीज आणि मोजण्यातली चूक जवळपास सारखीच! त्यामुळे एका वर्षात औषधाचा गुण ओळखणे अवघड जाते. घनतेऐवजी मोडलेली हाडेच मोजावीत म्हटले, तर तशा घटना थोड्या असतात आणि त्यांची वाट पाहावी लागते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होरायझन’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ७७६५ स्त्रिया होत्या. सुमारे निम्म्यांना झोलेड्रॉनिक ॲसिड हे औषध वर्षातून एकदा शिरेतून दिले गेले, उरलेल्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रावण. तीन वर्षांत खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण औषधाविना २.५ टक्के, तर औषधाने १.४ टक्के भरले. हाच अभ्यास कोणी प्रत्येक गटात फक्त १०० स्त्रिया घेऊन केला असता तर?

याचे उत्तर कोणालाही सुई न टोचता मिळते. संगणकात दोनशे काल्पनिक स्त्रिया उभ्या करायच्या, प्रत्येकीसाठी वरील प्रमाणांनुसार फासा टाकायचा, कोणाचे हाड मोडले ते मोजायचे आणि हा खेळ हजार वेळा मांडायचा. गणित सांगते की, हजारांपैकी सुमारे दोनशे वेळा औषध घेणाऱ्या गटातच जास्त हाडे मोडलेली दिसतील! औषध गुणकारी असूनही पाचांतला एक अभ्यास उलटा कौल देईल. मोठ्या अभ्यासात असे जवळजवळ कधीच होणार नाही.

या तालमीला शास्त्रज्ञ सिम्युलेशन म्हणतात. १९४६ साली आजारातून बरे होताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसलेल्या स्टॅनिस्लाव्ह उलाम या गणितज्ञाला फाशांच्या अशा गणिताची कल्पना सुचली आणि जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचे नाव तिला मिळाले. ‘मृच्छकटिका’तल्या उज्जयिनीत फाशांनी माणसे बुडाली, इथे फासे माणसांना वाचवतात.

तालमीत अनेक पर्याय ताडून पाहता येतात. स्त्रियांची संख्या वाढवावी की प्रत्येकीला जास्त वेळा मोजावे? झीज एकसारख्या गतीने होत असेल, तर मोजण्या सुरुवातीला आणि अखेरीला एकवटल्याने फरक अधिक स्पष्ट दिसतो. पण काही जणी मध्येच अभ्यास सोडतात, म्हणून मधल्या मोजण्याही हव्यात. नेमका तोल प्रत्येक अभ्यासाचा वेगळा असतो. हजार तालमींपैकी निदान आठशे वेळा खरा फरक सापडला, तर आराखडा पुरेसा मानण्याची रीत आहे.

अर्थात तालीम जितकी खरी, तितकाच तिचा उपयोग. काल्पनिक स्त्रिया कोणासारख्या आहेत, हा कळीचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेचा १९९४चा ठिसूळपणाचा निकष गोऱ्या स्त्रियांच्या मोजमापांवर बेतलेला आहे. आपल्याकडे रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या सुमारास. म्हणूनच पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी भारतीय मुलांच्या आणि स्त्रियांच्या हाडांवर होणारे काम मोलाचे आहे. त्या आकड्यांशिवाय आपली तालीम परक्यांच्या संहितेवर चालेल.

माळव्याला हा विषय दूरचा नाही. औषधांच्या चाचण्यांबाबत इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सहभागींच्या संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा आदेश दिला. पण संमती म्हणजे केवळ सही नव्हे. अभ्यास फार लहान असेल, तर बायकांनी दिलेला वेळ आणि पत्करलेला धोका वाया जातो. गरजेपेक्षा मोठा असेल, तर अनेक जणी विनाकारण औषधावाचून राहतात. ‘इतक्याच जणी का, इतकीच वर्षे का?’ हे विचारण्याचा हक्क सहभागी होणाऱ्या प्रत्येकीला आहे. तो प्रश्न आणि त्याचे उत्तर तिला कळेल अशा मराठीत संमतिपत्रावर उतरवणे, हे काम डॉक्टरांइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही आहे.