गल्ला म्हणजे नफा नव्हे

बार्शीत माझ्या धाकट्या भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि मी सोलापूरला बँकेत नोकरी करते. भाऊबीजेचं जेवण झालं, की आमच्यात दरवर्षी एकच वाद होतो. माझं म्हणणं असं, की माझा कर पगार हातात पडण्याआधीच कापला जातो. तू मात्र वर्ष संपल्यावर सीएसमोर बसून किती भरायचा ते ठरवतोस. धंदेवाल्यांनी आमच्यापेक्षा जास्त कर द्यायला हवा. त्याचं उत्तर ठरलेलं: "ताई, महिन्याला माझ्या खात्यातून सरकारकडे किती जातात, ते एकदा वहीत बघ तरी."

गेल्या दिवाळीनंतर खरेदी-विक्रीची बिलं समोर घेऊन मी दोन दिवस त्याच्या गल्ल्याशेजारी बसले. माझे काही समज तिथे मोडले. त्याचेही मोडले.

"दरमहा एवढा जीएसटी भरतो, आता आणखी काय द्यायचं?"

सिमेंटचं एक पोतं घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल धरते. भावाला ते पोतं 300 रुपयांना पडतं, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 54 रुपये. (22 सप्टेंबर 2025 च्या आधी सिमेंटवर 28 टक्के होता.) तो ते 320 ला विकतो, वर 57 रुपये 60 पैसे कर लावतो. गिऱ्हाईक 377 रुपये 60 पैसे मोजतं. गिऱ्हाइकाकडून आलेल्या 57.60 मधून भाऊ खरेदीच्या वेळी दिलेले 54 वजा करतो आणि उरलेले 3 रुपये 60 पैसे सरकारकडे भरतो. त्याच्या स्वतःच्या 20 रुपयांना कुणी हात लावलेला नाही. सगळा कर घर बांधणाऱ्याने भरला.

जीएसटीचं चलन हा दुकानदाराचा कर नव्हे, गिऱ्हाइकाचा कर त्याच्या हातून जातो. माझा भाऊ हे ऐकून चिडला. त्याच्या चिडण्यात एक खरी गोष्ट होती, ती मला आधी ठाऊक नव्हती. बांधकाम ठेकेदार माल उधारीवर उचलतो आणि पैसे तीन-चार महिन्यांनी देतो. कर मात्र बिल फाडल्याच्या हिशेबाने भरावा लागतो, उधारी वसूल होवो न होवो. ज्याच्याकडून माल घेतला त्याने आपलं विवरणपत्र भरलं नाही, तर भावाची 54 रुपयांची वजावटही अडकते. त्याचं भांडवल अडकतं, त्यावर व्याज जातं. हा त्रास खरा आहे, आणि तो कमी करायला हवा. पण त्याला कर म्हणून मोजलं, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

जाता जाता ग्राहकांसाठी एक गोष्ट. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला व्यापारी कंपोझिशन योजना घेऊ शकतो. तो आपल्या उलाढालीवर 1 टक्का स्वतः भरतो. गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेण्याचा त्याला अधिकार नाही. बिलावर 'कंपोझिशन' लिहिलेलं असून खाली कर जोडला असेल, तर ते पैसे देऊ नका.

"रोजचा गल्ला एवढा, म्हणजे कमाईही तेवढीच"

हा समज माझा होता. महिन्याला दहा लाखांची विक्री ऐकून मी मनात त्याला माझ्यापेक्षा कितीतरी श्रीमंत ठरवून टाकलं होतं. वर्षाची उलाढाल 1 कोटी 20 लाख. त्यातले पोत्यामागे 300 रुपये आधीच बाहेर गेलेले. उरलेल्या विसातून गाळ्याचं भाडं, दोन पोरांचे पगार, हमाली, टेम्पोचं डिझेल, कॅश क्रेडिटचं व्याज, ओल लागून दगड झालेली पोती आणि बुडालेली उधारी. सगळं वजा जाता जे राहतं, त्यावर प्राप्तिकर. पगारदाराची सुरुवातच उरलेल्या रकमेने होते, म्हणून त्याला हा फरक सहज दिसत नाही.

असाच गोंधळ सरकारी यंत्रणेतही होतो. 2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला सुमारे 29 लाखांची मागणी आली. ताज्या भाजीवर जीएसटी लागतच नाही. बंगळूरुच्या दुकानांवर मग 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. खात्यात आलेल्या प्रत्येक रकमेला करपात्र विक्री समजून कर मागितला, की प्रामाणिक माणूसही रोखीकडे वळतो. सगळ्यांचंच नुकसान.

"कर भरतो तो पगारदार, बाकीचे चुकवतात"

इथे जरा थांबावं लागेल, कारण यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धंच जास्त दुखतं.

आधी जे खरं नाही ते. 2018-19 मध्ये कंपन्यांकडून सुमारे 6.63 लाख कोटींचा कर आला आणि वैयक्तिक प्राप्तिकर त्याहून बराच कमी होता. 2023-24 मध्ये कंपन्यांचा 9.11 लाख कोटी, तर वैयक्तिक साडेदहा लाख कोटींच्या जवळ. हे आकडे दाखवून लोक म्हणतात, बघा, उद्योगपती सुटले आणि नोकरदार भरडला गेला. पण या 'वैयक्तिक' रकान्यात एकट्या मालकीचे दुकानदार येतात, डॉक्टर-वकील येतात, भागीदारी संस्था येतात, हिंदू अविभक्त कुटुंबंही येतात. कंपनी नसलेले जवळपास सगळेच. तो आकडा नोकरदारांचा म्हणून सांगणं चूक आहे.

आता जे खरं आहे ते. छोट्या धंदेवाल्याला वह्या ठेवण्याचा जाच नको, म्हणून कायद्याने गृहीत नफ्याची सोय केली आहे. उलाढाल 2 कोटींपर्यंत असेल, तर बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीवर 6 टक्के आणि रोखीच्या विक्रीवर 8 टक्के नफा धरायचा आणि त्यावर कर भरायचा. रोखीचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आत असेल, तर मर्यादा 3 कोटी. भावाच्या 1 कोटी 20 लाखांवर 6 टक्के म्हणजे 7 लाख 20 हजार. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. भावाचा कर शून्य. 7 लाख 20 हजार पगार असलेल्या कारकुनाचाही शून्यच, आणि कारकुनाला वर 75 हजारांची प्रमाणित वजावट आहे. या पातळीवर कुणी कुणाला लुटत नाही. सिमेंटच्या धंद्यात 6 टक्के नफा पदरात पडणं हीच मोठी गोष्ट आहे, हे मी त्याच्या वहीत पाहिलं.

गृहीत नफ्याची सोय पळवाट होते ती खर्च थोडा आणि जमा मोठी असते तिथे. डॉक्टर, वकील, सीए, वास्तुविशारद अशा ठराविक व्यावसायिकांसाठी गृहीत नफा जमेच्या 50 टक्के धरतात, मर्यादा 50 लाख, रोख अगदी कमी असेल तर 75 लाख. समजा एका सल्लागाराची वर्षाची जमा 24 लाख आहे. घरातल्याच खोलीत बसून काम, हाताखाली कुणी नाही, खर्च दोन-तीन लाखांचा. त्याने 12 लाख उत्पन्न दाखवलं, तर कर शून्य. त्याच शहरात 24 लाख पगार असलेली इंजिनिअर प्रमाणित वजावट धरूनही 2 लाख 92 हजार 500 रुपये भरते. कायदा 50 टक्के हे किमान सांगतो, प्रत्यक्षात जास्त सुटत असेल तर जास्त दाखवावं अशी त्याची भाषा आहे. पण वह्याच ठेवायच्या नसतील, तर जास्त सुटलं हे दाखवणार कोण?

माझं स्पष्ट मत आहे, की हा आकडा 50 वरून वर न्यायला हवा. ज्यांचा खरोखर निम्मा खर्च होतो, त्यांनी वह्या ठेवून तो दाखवावा. तो मार्ग आजही खुला आहे. दुकानदाराच्या 6 टक्क्यांना मात्र हात लावू नये.

दुसरी फट खर्चाची. गाडीचं पेट्रोल, घरचा फोन, मुलाचा लॅपटॉप दुकानाच्या खात्यावर पडतो. कायदा फक्त धंद्यापुरता खर्च मान्य करतो, पण कुठलं पेट्रोल कुठल्या फेरीचं हे कुणी मोजत नाही. नोकरदाराला ही मुभाच नाही. भावाने हे मान्य केलं, आणि मीही मान्य केलं, की त्याच्या घरचा फोन रात्री अकरा वाजताही ठेकेदारांसाठीच वाजतो.

"कंपनीवाल्यांना 25 टक्के, आपल्याला 30"

20 सप्टेंबर 2019 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा दर 22 टक्क्यांवर आणला. अधिभार-उपकर धरून 25.17. तेव्हापासून हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पण कंपनीचा पैसा मालकाच्या घरी आपोआप येत नाही. 100 रुपये नफ्यातून 25.17 गेले, 74.83 राहिले. ते लाभांश म्हणून वाटले, तर 2020 पासून तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. त्याचा दर 30 टक्के असेल, तर उपकरासह आणखी 23.35 जातात. एकूण साडेअठ्ठेचाळीस. हा दर कमी नाही.

ज्याने लाभांश घेतलाच नाही, नफा कंपनीतच ठेवला आणि शेअरची किंमत वाढू दिली, त्याच्यावर दुसरा कर तोवर येत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे शेअर वर्षभरानंतर विकले, की वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. विकलेच नाहीत, तर काहीच नाही. सर्वात मोठे मालक सर्वात कमी दरात बसतात ते इथे, आणि 'मालकांनी जास्त भरावं' ही मागणी खरी ठरते तीही इथे. मेहनतीच्या कमाईवर 30 आणि शेअरच्या वाढीवर साडेबारा, या अंतराचं समर्थन मला पटलेलं नाही.

याच्या उलट टोकाला भागीदारी संस्था आहे. दोन भावांनी मिळून दुकान टाकलं, भागीदारीपत्र केलं. भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत वजा झालं, की उरलेल्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून 31.2 टक्के. टप्पे नाहीत, 12 लाखांची सूट नाही. शेकडो कोटी कमावणारी कंपनी 25.17 भरते आणि गल्लीतलं भागीदारीतलं दुकान 31.2. याबद्दल व्यापारी संघटना पुरेसं बोलत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं.

"दर वाढवला की तिजोरी भरते"

हा प्रयोग आपण केलेला आहे. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, 1973-74 मध्ये, वरच्या टप्प्यावरचा प्राप्तिकर अधिभारासह 97.75 टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात. माजी सरन्यायाधीश वांच्छू यांच्या समितीने 1971 च्या अहवालात करचुकवेगिरीचं मोठं कारण म्हणून याच दरांकडे बोट दाखवलं होतं. चव्हाणांनीच 1974-75 च्या अर्थसंकल्पात तो 77 वर आणला. संपत्ती कर 1957 पासून 2015 पर्यंत चालला आणि 2013-14 मध्ये त्यातून देशभरात फक्त 1,008 कोटी आले.

याच्या उलट समजही तपासून घ्यावा. 2019 च्या कपातीने वर्षाला 1.45 लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. कर कमी केला की कारखाने आपोआप उभे राहतात, हे वाक्य तेव्हा खूप ऐकलं. कारखानदार मागणी बघून यंत्रं घेतो, कराचा दर बघून नव्हे. भाऊसुद्धा गोदाम वाढवतो ते बांधकामं वाढली की.

"व्यवसाय कर तर सगळेच सारखा भरतात"

हे मात्र बरंचसं खरं आहे, आणि दोष तिथेच आहे. भावाच्या गल्ल्यामागे लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी एक प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे, व्यवसाय कराच्या नोंदणीचं. रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून महाराष्ट्राने 1975 साली हा कर आणला. भाऊ वर्षाला 2,500 रुपये भरतो. माझ्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापतात, म्हणजे तेवढेच. आमच्या शाखेच्या दारावर उभ्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकाचा पगार 14 हजार आहे, त्याच्याही पगारातून 2,500. आणि ज्या उद्योगाच्या कर्जाची फाइल मी गेल्या महिन्यात पुढे पाठवली, त्याचा प्रत्येक संचालक आपापले 2,500 भरतो.

राज्य सरकारला वरच्यांसाठी हा आकडा वाढवायचा म्हटलं, तरी वाढवता येत नाही. संविधानाच्या 276 व्या कलमात कमाल मर्यादा लिहिलेली आहे. सुरुवातीला ती 250 रुपये होती, 1988 मध्ये घटनादुरुस्ती करून 2,500 केली. 14 व्या वित्त आयोगाने ती 12,000 पर्यंत न्यावी असं सुचवलं होतं. आकडा अजून 2,500 वरच आहे.